कीर्द आणि खतावणी: ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ खेळताना नियोजन आणि नोंदी कशा ठेवाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या राज्य चालवण्याच्या ऐतिहासिक संगणक-खेळात बहमनी सुलतानी घेऊन १४४४ पासून खेळत आहात. डाव १५०३ पर्यंत आला, मग परीक्षेमुळे तीन आठवडे खंड पडला, आणि आता सेव्ह उघडल्यावर कोणत्या हेतूने काय चालवले होते ते आठवत नाही. त्यातच विजयनगर, ओडिशा आणि गुजरात यांनी आपल्याविरुद्ध कोअलिशन, म्हणजे एकत्रित आघाडी, उभे केले आहे. किती पुढचे नियोजन करावे, कोणत्या नोंदी ठेवाव्यात, त्या वहीत ठेवाव्यात की स्प्रेडशीटमध्ये, आणि हा अर्धवट डाव पुन्हा कसा उचलावा, असे आपण विचारले आहे.

हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये आला तेव्हापासून मी तो खेळतो आहे, आणि पहिली दोन वर्षे सोडली तर माझ्या प्रत्येक मोठ्या डावाची वही माझ्याकडे आहे. व्यवसायाने मी हिशेबतपासनीस आहे, त्यामुळे नोंदींकडे मी त्याच नजरेने पाहतो. माझे मत असे की बहुतेक खेळाडू नोंदी ठेवतात तेव्हा घडलेल्या घटना लिहून काढतात, आणि नेमकी तीच गोष्ट लिहिण्याची गरज नसते. घटना खेळाच्या स्मरणात असतातच. खेळाला माहीत नसते ते फक्त इतके, की आपण एखादा निर्णय का घेतला आणि त्यातून काय होईल असे आपल्याला वाटले होते. तीन आठवड्यांनंतर आपल्याला जे आठवेनासे झाले आहे, तेही हेच आहे.

जुन्या पद्धतीच्या हिशेबात दोन वह्या असतात. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, तारीखवार उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खात्यांनुसार वेगळे लावले जातात, म्हणजे अमक्याचे आपल्याकडे काय येणे आहे आणि तमक्याला काय देणे आहे, हे एका पानावर दिसते. पेशवाईच्या कारभारात रोजकीर्द लिहिली जात असे, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही अभ्यासता येतात ते या सवयीमुळेच. फडणीस हा शब्दसुद्धा फर्द-नवीस, म्हणजे फर्द किंवा ताव लिहिणारा, यावरून आला आहे. पावणेचारशे वर्षांचा कारभार पाहणाऱ्या या खेळाला हीच दोन वह्यांची पद्धत सर्वांत चांगली लागू पडते, असा माझा अनुभव आहे. बहुतेकांची फसगत होते ती दोन्ही एकाच वहीत कोंबल्यामुळे: तारीखवार मजकुराच्या दहाव्या पानावर कुठेतरी ‘गुजरातशी शस्त्रसंधी १४९८ पर्यंत’ असे लिहिलेले असते, आणि ते १४९८ साली सापडत नाही.

प्रथम काय लिहू नये ते सांगतो, कारण नोंदींचा कंटाळा येण्याचे मूळ तिथे आहे. उत्पन्न, सैन्यसंख्या, प्रांतांची यादी, इतर राज्यांशी तुलना हे सारे खेळातल्या लेजरमध्ये केव्हाही पाहता येते. चालू असलेली युद्धे, वेढे, बांधकामे आणि फिरतीवरच्या फौजा उजवीकडच्या आउटलायनरमध्ये दिसतात. युद्ध केव्हा झाले आणि प्रांत कोणाकडे गेला याचा इतिहास खेळ स्वतःच जपतो. यांपैकी काहीही उतरवून घेऊ नये. त्याऐवजी मेसेज सेटिंग्जमध्ये एकदा अर्धा तास घालवून शस्त्रसंधी संपणे, वारस जन्मणे किंवा मरणे, शेजाऱ्याने युद्ध पुकारणे अशा मोजक्या सूचनांवर खेळ आपोआप थांबेल अशी व्यवस्था करावी. माझ्या मते ही व्यवस्था कोणत्याही वहीइतकीच मोलाची आहे, कारण पाचव्या, म्हणजे सर्वांत जास्त, वेगावर खेळताना महिना डोळ्यांदेखत निघून जातो.

आता कीर्दीकडे येतो. कीर्दीतली नोंद चार ओळींपेक्षा मोठी नसावी आणि ती निर्णय घेण्यापूर्वी लिहावी, निकाल लागल्यावर नव्हे. उदाहरणादाखल माझ्या एका बहमनी डावातली नोंद अशी आहे: ‘मार्च १४५८. खानदेशावर युद्ध पुकारतो. कारण: त्याचा मित्र गुजरात माळव्याशी लढण्यात गुंतला आहे, त्याची फौज वर्षभर तरी तापी ओलांडणार नाही. अंदाज: दोन वर्षे, दोन कर्जे, एक प्रांत. थांबण्याची खूण: तिसरे कर्ज काढावे लागले तर मिळेल तो तह करायचा.’ या नोंदीखाली मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि युद्ध संपल्यावर तिथे लिहिले: ‘साडेतीन वर्षे, चार कर्जे, दोन प्रांत. गुजरात आठ महिन्यांतच मोकळा झाला. माळव्याची ताकद मी मोजलीच नव्हती.’ अंदाज आणि प्रत्यक्ष एकाच पानावर आले की आपल्या विचारातली खोट उघडी पडते. निकाल लागल्यावर लिहिलेल्या नोंदीत ती कधीच दिसत नाही, कारण माणूस नकळत कारणे निकालाला जुळवून घेतो.

हे मला एका विजयनगरच्या डावाने शिकवले. तेव्हा मी नोंदी नुकत्याच सुरू केल्या होत्या. १४९० च्या आसपास माझ्याविरुद्ध पाच राज्यांचे कोअलिशन झाले, तीन वर्षांत निम्मे राज्य गेले आणि डाव सोडावा लागला. दैव आड आले अशी माझी प्रामाणिक समजूत होती, आणि मित्रांना मी तसेच सांगत असे. काही महिन्यांनी वही चाळली तेव्हा लागोपाठच्या तीन तहांखाली माझ्याच अक्षरात एकच वाक्य सापडले: ‘रोष वाढेल, पण तो नंतर पाहू.’ तिन्ही वेळा मला धोका दिसत होता आणि तिन्ही वेळा मी तो पुढे ढकलला होता. ती वही नसती तर पुढच्या डावातही मी तेच केले असते, याबद्दल मला शंका नाही.

खतावणी वेगळी असते. तिच्यात फक्त पुढे देय होणाऱ्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे वर्ष घालायचे. माझ्या खतावणीत पाच खाती असतात: शस्त्रसंधी, रोष, दावे, कर्जे आणि वारस. पहिल्या दोन खात्यांवर जास्त लिहितो, कारण आपली अडचण तिथेच आहे.

युद्धानंतरची शस्त्रसंधी, जिला आपण खेळाडू ट्रूस म्हणतो, ती तहात किती वसूल केले त्यानुसार ५ ते १५ वर्षांची असते. काहीही न घेता तह केला तर पाच, शंभर टक्के वसूल केले तर पंधरा. ती मोडली तर राज्याचे स्थैर्य कोसळते, म्हणून व्यवहारात ती पाळावीच लागते. याचा अर्थ असा की प्रत्येक तह करताना आपण पुढच्या युद्धाचे वर्षही ठरवत असतो. दक्षिणेत विजयनगर, पूर्वेला ओडिशा, उत्तरेला खानदेश आणि माळवा अशा तीन आघाड्या असतील, तर तिन्ही शस्त्रसंधी वेगवेगळ्या वर्षी संपतील असे तह बेतावे लागतात. नाहीतर दहा वर्षे सारे दरवाजे बंद आणि मग तिन्ही एकदम उघडे, अशी अवस्था येते. शिवाय ज्या राज्याशी आपली शस्त्रसंधी चालू आहे ते आपल्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये सामील होऊ शकत नाही. म्हणून शस्त्रसंधीच्या खात्यात नुसते वर्ष न लिहिता, त्या वर्षी ते राज्य किती चिडलेले असेल याचा अंदाजही शेजारी लिहावा.

तो अंदाज दुसऱ्या खात्यातून येतो. अॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन, म्हणजे आपल्या विस्ताराबद्दलचा शेजाऱ्यांचा रोष, प्रत्येक राज्याच्या मनात वेगळा साठतो. जवळच्या आणि धर्माने किंवा संस्कृतीने जोडलेल्या राज्यांत तो अधिक असतो. तो ५० पर्यंत पोहोचला आणि त्या राज्याचे आपल्याबद्दलचे एकूण मत उणे असले, तर ते कोअलिशनमध्ये जाऊ शकते. मूळ दराने तो वर्षाला २ ने उतरतो. ओडिशाच्या मनात आज आपल्याबद्दल ४६ रोष आहे आणि बेतलेल्या तहामुळे त्यात १४ ची भर पडणार आहे असे समजू. आजच तह केला तर आकडा ६०. सहा वर्षे थांबलो तर ४६ चे ३४ होतात, त्यात १४ मिळवले की ४८, आणि आपण उंबरठ्याच्या अलीकडे राहतो. तह मांडताना कोणाचा रोष किती वाढेल हे खेळ आधीच दाखवतो. तो आकडा खात्यात चढवायला अर्धे मिनिट लागते. सगळ्या राज्यांचे खाते ठेवण्याची गरज नाही. ज्यांचा आकडा ३० च्या वर गेला आहे अशी चार-पाच नावे पुरतात.

उरलेली तीन खाती लहान आहेत. हेरगिरीने उभा केलेला दावा, म्हणजे शेजाऱ्याच्या प्रांतावर सांगितलेला हक्क, २५ वर्षांनी विरतो, तेव्हा तो कोणत्या वर्षापूर्वी वापरायचा ते लिहावे. कर्जाची मुदत पाच वर्षांची असते, आणि एका युद्धात काढलेली कर्जे एकाच सुमारास परतफेडीला येतात. ते वर्ष नव्या युद्धाच्या वर्षाशी भिडू देऊ नये. वारसाचे जन्मवर्ष लिहावे, कारण तो पंधरा वर्षांचा होण्यापूर्वी राजा वारला तर पालक मंडळाचा कारभार येतो आणि त्या काळात आपल्याला स्वतःहून युद्ध पुकारता येत नाही.

किती पुढचे नियोजन करावे, या प्रश्नाला माझे उत्तर दहा वर्षे असे आहे, आणि त्याला कारण मोनार्क पॉइंट्सचे, म्हणजे राज्यकारभारात खर्च करायच्या प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी गुणांचे, गणित आहे. प्रशासकीय गुणांचेच पाहा. राज्याला महिन्याला मूळचे ३, राजाच्या क्षमतेचे ० ते ६ आणि सल्लागाराच्या दर्जाप्रमाणे काही गुण मिळतात. राजाची क्षमता ३ आणि सल्लागार पहिल्या दर्जाचा धरला तर महिन्याला ७, वर्षाला ८४, दशकात ८४० गुण होतात. आता खर्च पाहा. तंत्रज्ञानाच्या एका पायरीची मूळ किंमत ६०० आहे. जिंकलेला प्रांत कोअर करायला, म्हणजे पक्का आपलासा करायला, त्याच्या डेव्हलपमेंटच्या, म्हणजे विकासाच्या, प्रत्येक अंकामागे मूळ दराने १० प्रशासकीय गुण लागतात. दशकात तंत्रज्ञानाची एकच पायरी घेतली तरी हातात २४० उरतात, आणि त्यात एकंदर २४ डेव्हलपमेंटचा मुलूख बसतो, म्हणजे दख्खनचे एक किंवा दोन बरे प्रांत. दावा असला तर थोडी सूट मिळते. स्थैर्य वाढवायचे असेल किंवा आयडिया, म्हणजे राज्याला कायमचे फायदे देणारी धोरणे, घ्यायच्या असतील तर उरलेले गुणही जातात. सात आयडियांचा एक पूर्ण गट मूळ दराने २८०० गुणांचा असतो, म्हणजे याच राजाच्या तेहतीस वर्षांहून अधिक मिळकतीचा.

हे गणित एकदा कागदावर मांडले की नव्या खेळाडूच्या बहुतेक चुका स्पष्ट होतात. तो रणांगणावर जिंकू शकतो तेवढा मुलूख घेतो, आणि गुणांत परवडतो तेवढाच घ्यावा हे त्याच्या ध्यानात येत नाही. कोअर न झालेला मुलूख साठून ओव्हरएक्स्टेन्शन १०० टक्क्यांच्या पुढे गेले की बंडाळ्या आणि वाईट घटनांची रांग लागते. म्हणून प्रत्येक दशकाच्या आरंभी मी एका पानावर तीन ओळींचा अर्थसंकल्प लिहितो: या दहा वर्षांत प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी गुण अंदाजे किती येतील आणि ते कशावर जातील. दहा वर्षांपलीकडचे तपशील ठरवण्यात मला अर्थ दिसत नाही; राजा केव्हा मरेल आणि वारस कोणत्या क्षमतेचा निघेल हे कोणाच्याही हाती नसते, आणि क्षमता तीनने बदलली की सारे आकडे बदलतात.

याला अपवाद एकच, तो म्हणजे इन्स्टिट्यूशन्सचा, म्हणजे ठरावीक काळाने उगम पावून हळूहळू पसरणाऱ्या विचारांचा आणि व्यवस्थांचा. सरंजामशाही सुरुवातीपासून असते. त्यानंतर रेनेसान्स १४५०, कलोनिअॅलिझम १५००, प्रिंटिंग प्रेस १५५०, ग्लोबल ट्रेड १६००, मॅन्युफॅक्टरीज १६५०, एन्लाइटनमेंट १७०० आणि इंडस्ट्रिअलायझेशन १७५० अशा पन्नास-पन्नास वर्षांच्या टप्प्यांनी पुढच्या इन्स्टिट्यूशन्सचा उगम होऊ लागतो. त्या स्वीकारल्या नाहीत तर तंत्रज्ञान महाग होत जाते. रेनेसान्स इटलीतून निघते आणि दख्खनला पोहोचायला फार काळ घेते, त्यामुळे दख्खनमधल्या खेळाडूला बहुधा गुण साठवून एकाच प्रांताची डेव्हलपमेंट वाढवावी लागते आणि ती इन्स्टिट्यूशन आपल्याकडेच रुजवावी लागते. ही वर्षे वहीच्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावीत आणि प्रत्येकीच्या आधीच्या दशकाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी गुण राखून ठेवावेत.

आणखी एक रकाना मी ठेवतो, जो जिंकण्यासाठी लागत नाही, पण मला सर्वांत प्रिय आहे. कीर्दीच्या समासात, त्याच सुमारास खऱ्या इतिहासात काय घडले ते मी एका ओळीत लिहितो. बहमनी डावात हा समास फार बोलका होतो. खेळ सुरू होतो तेव्हा बीदरच्या गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमदशाह होता. १४७२ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानने गोवा बहमनी राज्याला जोडला, १४८१ मध्ये त्याच महमूद गावानला सुलतानाच्या आज्ञेने ठार मारले गेले, आणि पुढच्या काही दशकांत त्या एका राज्याची अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, बीदर आणि गोवळकोंडा अशी पाच राज्ये झाली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. आपला डाव १५०३ मध्ये आहे आणि आपली सुलतानी एकसंध आहे, म्हणजे आपण त्या फुटीच्या पुढे निघून आला आहात. हे समासात लिहिल्यावर मनात प्रश्न उभा राहतो, की दख्खनी आणि आफाकी, म्हणजे स्थानिक आणि परदेशांतून आलेल्या, सरदारांमधली जी तेढ खऱ्या राज्याला भोवली, ती खेळाने किती दाखवली आणि किती वगळली. मात्र एक पथ्य पाळावे. प्रांतांच्या डेव्हलपमेंटचे आकडे किंवा राजांच्या क्षमतेचे गुण हे खेळ रचणाऱ्यांनी खेळाचा तोल राखण्यासाठी ठरवलेले अंदाज आहेत. त्यांना इतिहासाचा पुरावा मानू नये आणि समासात ते उतरवू नयेत.

वही की स्प्रेडशीट, याचे उत्तर वरच्या विभागणीतच आहे. खतावणी स्प्रेडशीटमध्ये ठेवावी, कारण तिला वर्षानुसार क्रम लावता आला पाहिजे; १५०३ ला आलो की १५०४ ते १५१० मध्ये काय देय आहे ते सर्वांत वर दिसावे. कीर्द हाताने वहीत लिहावी. टंकताना माणूस पसरट लिहितो, आणि लिहिण्यासाठी खेळाची खिडकी सोडावी लागली की ते काम टळते. वही मात्र कीबोर्डशेजारी उघडी राहते. नकाशाची नोंद शब्दांत करू नये, दर दशकाला एक स्क्रीनशॉट घ्यावा आणि फाइलच्या नावात खेळातले वर्ष घालावे. सेव्हबाबतही दोन गोष्टी सांगतो. आयर्नमॅन पद्धतीत एकच सेव्ह असते आणि खेळ तीवरच पुन्हा पुन्हा लिहितो. ती फाइल खराब झाली तर डाव संपतो, म्हणून महिन्यातून एकदा सेव्ह गेम्सचा फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवावा. दुसरे असे की वहीच्या पहिल्या पानावर खेळाची आवृत्ती लिहावी. नव्या आवृत्तीत जुनी सेव्ह नीट चालेलच असे नाही, आणि अशा वेळी स्टीम या खेळविक्रीच्या प्रणालीतल्या बीटाज या भागातून जुनी आवृत्ती पुन्हा बसवता येते, पण त्यासाठी ती कोणती होती हे माहीत असावे लागते.

आता आपल्या १५०३ च्या डावाबद्दल. सेव्ह उघडा आणि खेळ थांबलेलाच राहू द्या. मागच्या साठ वर्षांची कीर्द आता लिहिता येणार नाही आणि आठवून आठवून लिहूही नये. ती खरी निघणार नाही. हिशेबनीस नवी वही सुरू करताना आरंभीची शिल्लक लिहितो, तशी आपण १५०३ ची शिल्लक लिहा. सभोवतालच्या प्रत्येक राज्यावर टिचकी मारून शस्त्रसंधीचे वर्ष आणि रोषाचा आकडा खतावणीत उतरवा. मग कर्जांची मुदत, वारसाचे वय आणि तिन्ही प्रकारच्या गुणांची आजची शिल्लक लिहा. याला पाऊण तास लागेल. कोअलिशनमधल्या एकावर हल्ला केला की सगळे एकत्र येतात, तेव्हा १५०३ ते १५०९ पर्यंत त्या तिघांपैकी कोणाच्याही वाटेला जाऊ नका. तिघांच्या मतांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. ज्याचे मत शून्याला सर्वांत जवळ आहे त्याच्याकडे पहिला वकील पाठवून संबंध सुधारायला लागा, कारण तिघांपैकी एक जरी बाहेर पडला तरी उरलेले दोघे आपल्यावर चाल करायला कचरतील. दरम्यान साठणारे प्रशासकीय गुण अर्धवट कोअर आणि तंत्रज्ञानावर लावा आणि कलोनिअॅलिझमसाठी एखादा प्रांत हेरून ठेवा. हे सारे ठरल्यावर कीर्दीच्या पहिल्या पानावर १५१० पर्यंत काय व्हावे असे आपल्याला वाटते ते तीन ओळींत लिहा, त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडा, आणि मगच स्पेसबार दाबून खेळ सुरू करा.